दुसरा कान

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही मौज आधी गुणाकारात दिसते. कॅलिफोर्नियात लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलो आणि तिसऱ्याच आठवड्यात जावयांनी जाहीर केलं, "बाबा, जुलैत आपण सगळे डिस्नेलँडला जायचं." माझ्या डोळ्यांपुढे ना किल्ला आला, ना मिकी. एका दिवसाला माणशी शंभरावर डॉलर, गुणिले पाच, गुणिले दोन दिवस, आणि त्या सगळ्याला गुणिले रुपया. त्यावर हॉटेल, पेट्रोल, खाणंपिणं. बेरीज झाल्यावर मी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं," लेक सहज म्हणाली. नातीने नुकतीच चार वर्षं पुरी केली होती.

"मग दोन वर्षांपूर्वीच उरकायचं नाही का?" मी म्हणालो.

"तुमच्या आईने तुम्हाला एस.टी.त सात वर्षांचे होईपर्यंत पाचाच्या आत ठेवलं होतं," ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तसं करू या हवं तर."

पण ते जमणारं नव्हतं. आमची नात रस्त्यात भेटेल त्या माणसाला चार बोटं दाखवून आपलं वय सांगते. आमच्या काळी कंडक्टर आला की मुलांनी कसं गुडघे दुमडून अज्ञान चेहऱ्याने बसायचं असतं, हे वळण या पिढीला कोणी लावलेलंच नाही.

पैशाचं सोडा, माझा खरा आक्षेप वेगळा होता, आणि तो मी जेवताना मांडला. एवढं सगळं करून पोरीला यातलं आठवणार काय? मानसशास्त्र सांगतं, की बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या सुमाराची असते, आणि त्यानंतरच्या एकदोन वर्षांतलंही पुढे उरतं ते तुकड्यातुकड्यांनी. म्हणजे आपण पाणी भरणार, तेही डॉलरच्या भावाचं, आणि भरणार फुटक्या घागरीत.

"मग तुम्हाला पालची जत्रा कशी आठवते?" ही म्हणाली. "तुम्हीही चारचेच होतात ना?"

आता पालच्या जत्रेबद्दल सांगायला हवं.

पाल हे कराड तालुक्यातलं तारळीकाठचं गाव. पौषात तिथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि आख्खं गाव, वाळवंट, माणसांचे केस, बैलांची शिंगं, सगळं भंडाऱ्याने पिवळं होतं. आम्ही बैलगाडीने गेलो होतो. जत्रेत एक लाकडी पाळणा होता. चार पेट्या, आणि हाताने फिरवणारे दोन गडी. मी एका पेटीत बसलो, पेटी वर गेली, खाली सगळं पिवळंच पिवळं दिसलं आणि मी असं भोकाड पसरलं की त्यांनी पाळणा थांबवून मला उतरवलं. आईने गोडी शेव देऊन गप्प केलं. ही माझी आयुष्यातली पहिली आठवण. लग्नात, मुंजीत, बँकेच्या निरोपसमारंभात मी ती रंगवून सांगत आलो.

तर दादाच्या पंचाहत्तरीला मी ती पुन्हा सांगितली. दादा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "अरे, रडलो तो मी. तू खाली आईच्या कडेवर होतास. झोपलेला."

मी मानायला तयार नव्हतो. पण आत्यानेही मान हलवली. आईने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की कुठल्या तरी फेरीत दादा पाळण्यातून उतरला आणि मी चढलो. म्हणजे माझी पहिली आठवण दुसऱ्याच्या खात्यातली निघाली. ती चुकून माझ्या नावे जमा झाली होती आणि पन्नास वर्षं कोणी ताळाच केला नव्हता.

हे सगळं आता मी हिला पुन्हा ऐकवलं, माझा मुद्दा पक्का व्हावा म्हणून. ही म्हणाली, "असू दे. पन्नास वर्षं व्याज तर तुम्हीच खाल्लंत ना?"

आम्ही डिस्नेलँडला गेलो.

लेकीच्या घरापासून अ‍ॅनाहाइम सहाशे किलोमीटर. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा, आणि गाडीत दर वीस मिनिटांनी "आलं का?" हिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळे आणि भाजलेले शेंगदाणे बरोबर घेतले होते. "आत सगळं मिळतं हो आई," जावई म्हणाले. "मिळतं म्हणूनच घेतलंय," ही म्हणाली. फाटकावर पिशव्या तपासणाऱ्या तरुणाने चटणीचा डबा उघडला, लाल भुकटीकडे पाहिलं, वास घेतला आणि तीन वेळा शिंकला. मग त्याने डबा अदबीने बंद करून परत दिला.

जावयांचा बेत फोनमध्ये तयार होता. कोणत्या पाळण्याला किती मिनिटांची रांग आहे, हे त्यांना फोन सांगत होता. पानिपतावर एवढी खबर मिळती तर इतिहास बदलला असता. पण त्या बेतात एक गोष्ट धरलेली नव्हती. इथे तिकीट वयावर असतं आणि मौज उंचीवर. स्पेस माउंटनला चाळीस इंच, मॅटरहॉर्नला बेचाळीस, इंडियाना जोन्सला शेहेचाळीस. प्रत्येक दाराशी मापाची खूण आणि खुणेशी एक हसतमुख मुलगी. आमची नात साडेएकोणचाळीस इंच.

अर्धा इंच! ही वाकली, नातीचे केस सोडले आणि डोक्याच्या अगदी माथ्यावर घट्ट अंबाडा घातला. अशा उभ्या अंबाड्याला आमच्याकडे बुचडा म्हणतात. बुचड्यासकट पोर एकेचाळीस भरली. मापाच्या मुलीने हसून "किती छान केस" असं काहीसं म्हटलं आणि तळहात हलकेच त्या बुचड्यावर टेकवून तो खाली दाबला. दाबण्यात एक सराव होता. जगभरच्या आज्या तिच्या हाताखालून गेल्या असणार.

लेक आणि जावई मग आळीपाळीने आत जाऊन आले. एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने बसून यायचं, मग पुन्हा सगळी रांग न लावता पहिल्याने जायचं, अशी तिथे सोय आहे. दोघंही बाहेर आले ते केस विस्कटलेले आणि दहा वर्षांनी लहान होऊन. नातीने ते पाहिलं. सुट्टी आपल्या नावाने काढून ही दोघं मजा मारताहेत, असा तिचा चेहरा होता, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

खरं तर ही जागा निघालीच मुळी एका कंटाळलेल्या बापामुळे. वॉल्ट डिस्नेला डायॅन आणि शॅरन अशा दोन मुली. शनिवारी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला न्यायचा. मुली घोड्यांवर, बाप बाकावर, हातात शेंगदाणे. बसून बसून त्याच्या मनात आलं, की मुलं आणि आईबाप दोघांनाही एकत्र मौज करता येईल अशी एखादी जागा का नसावी? पुढे त्याने अ‍ॅनाहाइमला १६० एकर जागा घेतली, तिथल्या संत्र्याच्या बागा काढल्या आणि वर्षभरात हे गाव उभं केलं. ग्रिफिथ पार्कातला तो बाक आत शिरल्याशिरल्या ऑपेरा हाउसमध्ये ठेवलेला आहे. साधा हिरवा बाक. माणसं त्याच्यापुढून घाईने किल्ल्याकडे जातात. मी मात्र बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. ज्याने मुलांना बागेत नेलंय त्यालाच कळतं, की त्या बाकावर किती शनिवार गेले असतील.

उद्घाटन १७ जुलै १९५५ ला झालं, आणि त्याची हकिगत वाचली की आपल्याकडच्या कार्यालयातलं लग्न आठवतं. खोटी तिकिटं घेऊन हजारो माणसं घुसली. एकाने म्हणे मागच्या कुंपणाला शिडी लावून माणशी पाच डॉलरने लोक आत सोडले. ऊन इतकं, की ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. त्यातच नळकाम करणाऱ्यांचा संप झालेला. प्यायच्या पाण्याचे नळ वेळेत होतील किंवा संडास, दोन्ही नाही. वॉल्टने संडास निवडले. लोक चिडले, थंड पेयं खपवायची युक्ती आहे म्हणाले. पण मला विचाराल तर त्या माणसाला मुलं होती, याचा एवढा सज्जड पुरावा दुसरा नाही. त्या दोन दिवसांत डिस्नेलँडमधलं मी सगळ्यात जास्त वेळा काय पाहिलं असेल, तर ते हेच. रांगेत चाळीस मिनिटं उभं राहावं, समोर फक्त दोन कुटुंबं उरावीत, आणि बरोबर त्याच क्षणी नातीने माझं बोट ओढून म्हणावं, "आबा, शू."

किल्ल्याची एक गंमत जावयांनी सांगितली. तो जेमतेम ७७ फूट उंच आहे. आपल्याकडच्या सातमजली इमारतीएवढा. पण वर वर जाताना त्याचे दगड लहान लहान करत नेले आहेत, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो फार उंच भासतो. मला एकदम पालचा पाळणा आठवला. नोकरीत असताना एकदा जत्रेला गेलो होतो. तसलाच लाकडी पाळणा होता, आणि त्याची वरची पेटी हात वर केला तर हाताला लागत होती. आठवणीतला मात्र देवळाच्या शिखराला टेकलेला होता, आणि अजून आहे. वॉल्टला त्यासाठी कारागीर लावावे लागले. माझ्या आईने तेच काम नुसतं सांगून सांगून केलं.

उंचीची अट नसलेलं जे जे होतं ते सगळं आम्ही केलं. डंबोच्या उडत्या हत्तीत नातीने मला शेजारी बसवलं. त्या हत्तीत एक दांडा असतो. त्याने हत्ती वर-खाली नेता येतो. दांडा नातीच्या ताब्यात होता. "आबा, खाली बघ ना!" ती ओरडत होती आणि मी तिच्या सँडलच्या बकलाकडे पाहत होतो. फेरी दीड-दोन मिनिटांची असेल. मला ती चातुर्मासाएवढी वाटली. खाली उतरल्यावर डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा होता.

मग होडीतून सगळ्या जगाच्या बाहुल्या पाहिल्या. हा खेळ आधी १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेत होता, तिथून इथे आला. शेकडो बाहुल्या, सगळ्यांच्या तोंडी एकच गाणं. आपल्या देशाच्या बाहुल्या आणि ताजमहाल दिसल्यावर ही उभी राहू लागली, तिला खाली ओढावं लागलं. ते गाणं अजूनही पहाटे तीनला माझ्या डोक्यात सुरू होतं. नातीला ते ऐकू आलं पहिलं कडवंभर. मग ती माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली, ती दुपारी चार वाजेपर्यंत.

ही झोप फार महागाची होती. दिवसाच्या तिकिटाला तासांनी भागून तिच्या एकेका घोरण्याचा भाव मी काढू शकलो असतो. लेक आणि जावई दमून सावलीत टेकले होते. ही तिच्या बाबागाडीला हलका झोका देत होती. मी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली. समोरून मिकीच्या कानांच्या टोप्या घातलेले आजोबा, पाठीवर पोर बांधलेल्या आया, वितळलेलं आइस्क्रीम मनगटापर्यंत ओघळलेले बाप जात होते. जो तो कोणाची तरी पिशवी, कोणाची तरी बाटली, कोणाचा तरी एक बूट सांभाळत होता. एकाच्या खांद्यावरचं पोर त्याच्या केसांना हात पुसत होतं. सगळ्या आईबापांना मौज करता यावी म्हणून वॉल्टने एवढा पसारा मांडला, तरी शेवटी मी बाकावर बसून शेंगदाणेच खात होतो. आणि त्या दिवसात मला सगळ्यात जास्त मजा वाटली असेल, तर ती तेव्हा.

चारला पोर उठली ती थेट म्हणाली, "मिकी."

मिकीला त्याच्या घरी जाऊन भेटायचं असतं. पुन्हा रांग. आत गेल्यावर समोर माणसाएवढा उंदीर. १९२८ सालचा असूनही तुकतुकीत, पांढरे हातमोजे घातलेला, आणि संपूर्ण मुका. कारण तिथला मिकी बोलत नाही, हातवारे करतो. आधीची मुलं धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारत होती. आमची नात चार पावलांवर थबकली. लेकीने कॅमेरा सरसावला. "जा ना पिल्लू, हग कर मिकीला!"

नातीने चपला काढल्या.

आम्ही कोणीच काही बोललो नाही. गेल्या वर्षी ती मुंबईला आली होती तेव्हा आम्ही तिला सिद्धिविनायकाला नेलं होतं. तिथे चांदीचे दोन उंदीर आहेत. लोक एका उंदराच्या कानात आपलं मागणं सांगतात आणि सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकून धरतात, म्हणजे या कानातून घातलेलं त्या कानातून निघून जाऊ नये. तिथे तिचा हात पोचत नव्हता, म्हणून दुसरा कान आजीने धरला होता.

ती अनवाणी पुढे गेली, हात जोडले आणि मागे वळून अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, "आजी, तू तो कान धर."

ही पुढे झाली. सलवार-कमीज, पायात जावयांनी घेऊन दिलेले पांढरे बूट, खांद्याला दशम्यांची पिशवी. तिने मिकीकडे पाहून "एक्स्क्यूज मी हं" असं म्हटलं आणि त्याचा तो ताटाएवढा काळा कान दोन्ही तळव्यांनी गच्च झाकला. मिकी क्षणभर गोंधळला असावा. मग तो हळूच गुडघ्यांवर बसला आणि त्याने दुसरा कान नातीपुढे केला. ती बराच वेळ बोलत होती. मध्ये एकदा थांबली, आठवलं, पुन्हा बोलली. मिकीने मान डोलावली, छातीवर हात ठेवला. मागे रांग खोळंबली होती, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

रात्री दारूकाम झालं. ते पाहण्यासाठी माणसं दोन दोन तास आधी जागा धरून बसली होती. आमच्या नातीने ते सगळं आजीच्या ओढणीत तोंड खुपसून ऐकलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काय सांगितलंस गं मिकीला?"

"सांगायचं नसतं, आबा. सांगितलं की होत नाही." हेही तिला आजीनेच शिकवलेलं.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. घरी आल्यापासून नात सगळ्यांना फोनवर सहलीची हकिगत सांगते. पुण्याच्या मावशीला, ठाण्याच्या काकाला. तिच्या हकिगतीत किल्ला नाही, होडी नाही, दारूकाम तर नाहीच. "आबा हत्तीत बसले, आणि आबा रडले, आणि मी त्यांना धरलं." पहिल्यांदा मी फोन ओढून घेऊन वाऱ्याचा खुलासा केला. दुसऱ्यांदा नुसताच खोकलो. आता गप्प बसतो. पालच्या पाळण्यात जागा रिकामीच होती, एवीतेवी कोणी तरी रडायला हवंच होतं. दादाची पाळी झाली, आता माझी. वीस वर्षांनी ती ही गोष्ट सांगेल तेव्हा मी त्या हत्तीत चांगलाच ढसाढसा रडत असेन, आणि ते नाकारायला मी बहुधा नसेन.

लेकीने नऊशे फोटो काढलेत. कुठल्या दिवशी काय खाल्लं, कुठे पडली, कोणाच्या टोपीसाठी हट्ट केला, सगळं त्यात आहे. जे ती विसरेल ते आम्ही तिला परत देऊ. थोडं वाढवून, थोडं रंगवून, जसं मला मिळालं तसं. माझा जेवताना मांडलेला आक्षेप मी मागे घेतलाय, हिला तसं सांगितलं मात्र नाही.

त्या नऊशेंत एक फोटो आहे. अनवाणी नात, गुडघ्यांवर बसलेला मिकी, आणि ही, सगळं बळ लावून, डोळे मिटून. परवा तो फोटो दाखवून मी नातीला सहज विचारलं, "इथे तू काय बोलत होतीस गं?" तिने फोटो जवळ घेऊन पाहिला. खरंच आठवायचा प्रयत्न केला. मग मान हलवली आणि खेळायला पळाली.

ती विसरली. आम्हाला कोणालाच ऐकू आलं नव्हतं. मिकी बोलत नाही. एवढ्या सगळ्या सहलीतली ही एकच गोष्ट आम्ही तिला कधी परत देऊ शकणार नाही. मात्र ती कुठे तरी सुखरूप असणार, अशी माझी खात्री आहे. हिने दुसरा कान फार घट्ट धरला होता.